चार दिवसांच्या गोळ्या

पचमढीला जाताना गाडीत आम्ही तिघं होतो, येताना दोघं. कोणी मेलं नाही, कोणी हरवलं नाही. छिंदवाड्याजवळच्या एका ढाब्यावर माझी माय आमच्या गाडीतून उतरली आणि माझ्या भावाच्या गाडीत जाऊन बसली. ती कायमची गेली. हे आधीपासून ठरलेलं होतं आणि मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

हे मी लिहून काढते आहे, कारण आमच्या घरात आता त्याबद्दल कोणी बोलत नाही. आणि जे लिहिलं नाही ते माझ्या डोक्यात फिरतच राहतं. ही सवय नोकरीची. सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागं माझी सत्तावीस वर्षं गेली. कोणत्या गोळीची मुदत कधी संपते, कोणता खोका पुढं ठेवायचा, कोणता मागं, हे लिहिल्याशिवाय तिथं एक दिवस निघत नाही. घरीही तेच. दुधाची यादी वेगळी, सिलिंडरची वेगळी. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून मायची यादी चिकटवलेली. सोळा ओळी. थायरॉइडची गोळी सकाळी सहाला, उपाशीपोटी, कोमट पाण्यासोबत. चहा त्यानंतर अर्ध्या तासानं. कॅल्शियमची गोळी मोठी असते, ती दोन तुकडे करून गुळाच्या खड्यासोबत. संध्याकाळी पायांना तेल. डावा गुडघा आधी.

एकच गोष्ट त्यात लिहिलेली नव्हती. दुपारी दवाखान्यातून आले की चार वाजता मी विचारायचे, "माय, चहा?" ती म्हणायची, "नको." मी अर्धा कप तिच्यासमोर ठेवायचे आणि ती प्यायची. आठ वर्षं रोज हेच. हे लिहायची गरज मला कधी वाटली नाही.

माय आमच्याकडं, गोंदियाजवळच्या फुलचूरला आली ती बाबा गेल्यावर. अर्जुनी मोरगावच्या पुढं माझं माहेरचं गाव. घराच्या मागं बोडी, म्हणजे आमच्याकडचं शेताचं लहानसं तळं. त्या बोडीच्या पाळीवर माय घसरून पडली आणि दोन तास तशीच पडून राहिली. भाऊ तेव्हा नागपूरला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचा. मी दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन गेले आणि तिला आणलं. कोणाला विचारलं नाही. विचारण्यासारखं काही होतं असं तेव्हा वाटलं नव्हतं, खरं तर अजूनही वाटत नाही.

आमच्या समाजात जुनी माणसं लेकीच्या घरचं अन्न खात नाहीत. आमचे पूर्वज पिढ्यांपूर्वी माळव्यातून इकडं आले; येताना त्यांनी काय काय आणलं ते मला माहीत नाही, पण हा हट्ट नक्की आणला. मायनं त्यावर तोड काढली. शेत ठेक्यानं दिलेलं होतं. त्यातलं चिन्नोर तांदळाचं एक पोतं दरवर्षी मळणी झाली की गावाहून आमच्याकडं यायचं आणि माय त्याच पोत्यातला भात खायची. एकाच कुकरात दोन डबे, खाली आमचा, वर तिचा. भाजी, वरण, पोळी आमचीच असायची, त्याचं तिला काही नव्हतं. भात मात्र तिचा. शेजारीण हसायची तेव्हा माय म्हणायची, "मी कोनाच्या घरचं नाई खाऊन राहिली. मी माझंच खाऊन राहिली."

या वर्षी पोतं आलं नाही. डिसेंबर संपत आला तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "ठेकेदाराला फोन करा." तो म्हणाला, "मळणीचं मशीन मिळालं नसंल. येते. एवढी घाई कायची?" माझ्या वहीत "तांदूळ – फोन" ही ओळ तीन पानं पुढं सरकली. मी स्वतः फोन केला नाही, ही माझी चूक.

जानेवारीत भावानं सहल काढली. "बाई, मायचं वय होऊन राहिलं. एकदा सगळे मिळून जाऊ. बुकिंग मी करतो, बाकीचं तू पाहा." बाकीचं म्हणजे सगळंच. मी दोन पानी यादी केली. स्वेटर, कानटोपी, गरम पाण्याची पिशवी, घाटात मळमळ झाली तर लिंबू, मायची कमोडची खुर्ची, तिच्या चार दिवसांच्या गोळ्या आणि एक दिवस जास्तीच्या. माय माझ्यासमोर पलंगावर बसून बघत होती.

"महिनाभराच्या घेऊन घे ना वं," ती म्हणाली.

"चार दिवसांच्या सहलीला महिनाभराच्या गोळ्या?"

"गाडी बिघडली तं?"

"गाडी बिघडली तर काय महिनाभर जंगलात राहणार आहेस? वाघ घाबरून पळून जातील."

ती हसली. नवरा दारात उभा होता, तोही हसला. मग ती म्हणाली, "माझी बॅग मी भरतो. तू हात नको लावू." मला बरं वाटलं. म्हटलं, म्हातारीला हौस आली आहे.

बालाघाट, शिवनी, छिंदवाडा, तामिया. आम्ही सकाळी सहाला निघालो. ड्रायव्हर गोंदियाचा, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. तामियाच्या घाटात त्यानं दरी दाखवायला गाडी थांबवली, "माताजी, देखो, पातालकोट इधरच है." मायनं काच खाली करून बघितलं आणि म्हणाली, "एवढ्या खाली लोक राहतेत? मंग दवाखाना कुठं?" नवरा म्हणाला, "पाहा, लेकीची लागण झाली." सगळे हसलो. ते हसणं मला आता नीट आठवतं, कारण पूर्ण रस्ताभर नवरा मायशी जरा जास्तच मोकळा बोलत होता आणि माझ्याशी कमी.

पचमढीला पोचलो तेव्हा भाऊ आणि भावजय आधीच आले होते. विश्रामगृह जुनं होतं, उंच छताचं, समोर सालाची झाडं. थंडी चांगलीच होती. रात्री खिचडी खाऊन सगळे लवकर झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी पाण्याची बाटली घेऊन मायच्या खोलीत गेले तर भावजय आधीच तिथं उभी. एका हातात मायच्या गोळ्यांची पिवळी डबी, दुसऱ्यात कोमट पाण्याचा पेला. "ताई, दिली मी थायरॉइडची. चहा साडेसहाला सांगितला आहे. तुम्ही झोपा ना जरा."

मला खरंच आनंद झाला. म्हटलं, आठ वर्षांनी का होईना, लक्ष द्यायला लागली. नाश्त्याच्या वेळी तिनं कॅल्शियमची गोळी मधोमध तोडली आणि पर्समधून एक पुडी काढली. पुडीत गूळ होता.

गुळाचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. ते फक्त माझ्या कपाटाच्या दारावर लिहिलेलं होतं, आतून.

माझ्या मनात काहीतरी खटकलं, पण मी ते बाजूला ठेवलं. त्या दिवशीच्या यादीत पांडव गुंफा आणि बाजार होता. आम्ही गुंफा पाहिल्या. माय खालीच एका दगडावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांचे बूट बघत होती. दुपारी परत येऊन जेवायला बसलो. विश्रामगृहाच्या आचाऱ्यानं भात मोकळा केला होता, फडफडीत. भावजय म्हणाली, "असा झाला पाहिजे ना भात. मायचा तांदूळ छान आहे हो, वास तर विचारूच नका, पण नवा असल्यामुळं कुकरात गिचका होऊन राहिला. दोनदा करून पाहिला."

भावानं भाजीचं भांडं उगाच जवळ ओढलं. नवरा पाणी प्यायला. मायनं माझ्याकडं बघितलं नाही.

मी विचारलं, "कोणता तांदूळ?"

भावजयीच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "ते... गावाहून थोडासा आला होता."

"किती थोडासा?"

"बाई, जेव ना आधी," भाऊ म्हणाला.

मी जेवले. ताट टाकून उठण्याची मला सवय नाही. मग हात धुऊन सरळ मायच्या खोलीत गेले आणि तिची बॅग उघडली. यादीत मी तीन साड्या लिहून दिल्या होत्या. बॅगेत अकरा होत्या. त्यांच्याखाली पंच्यात गुंडाळलेले देव, बाबांचा फोटो, गंगेची सीलबंद लोटी आणि कागदात बांधलेली पांढरी-हिरवी साडी. ती साडी मला ओळखीची होती. बाबांनी शेवटची घेतलेली. ती नेसवूनच मला न्या, असं माय सांगायची. ती साडी कोणी चार दिवसांच्या सहलीला नेत नाही.

नवरा मागून आला. मी त्याच्याकडं न बघता विचारलं, "यादीचा फोटो तुम्ही पाठवला?"

"हो."

"कधी?"

त्यानं वाकून बॅगेची चेन ओढली. मी बाहेर जाऊन भावजयीकडं फोन मागितला. तिनं फोटो उघडून फोन दिला. फोटोत बीपीची गोळी पूर्ण लिहिलेली होती. डॉक्टरांनी ती अर्धी केली त्याला दीड महिना झाला होता आणि मी त्याच दिवशी यादी बदलली होती. म्हणजे फोटो त्याच्याही आधीचा, आणि त्याआधी भाऊ आमच्याकडं आला होता तो दिवाळीतच. म्हणजे दिवाळीला भाऊ फराळाला आला, माझ्या हातचे अनारसे खाऊन "बाई, तुझ्यासारखे कोणालेच नाई जमत" म्हणाला, तेव्हापासून हे चाललं होतं. अडीच महिने. आणि त्या अडीच महिन्यांत माझा नवरा रोज माझ्यासोबत त्या कपाटासमोर उभा राहून चहा प्यायला.

"मला का सांगितलं नाही?" मी विचारलं. आम्ही पाचही जण आता व्हरांड्यात होतो.

"तुले सांगितलं असतं तं तू यादी केली असती," नवरा म्हणाला. "तिले न जाऊ देण्याची. आणि आम्ही सगळे त्यात टिकमार्क होऊन बसलो असतो."

"बाई, मी खालच्या मजल्यावर फ्लॅट घेतला," भाऊ म्हणाला. "आता मायले चढायची कटकट नाई. माझी बी माय आहे ना?"

"आठ वर्षं कुठं होती तुझी माय?"

"हे पाहा, सुरू झाली."

"भांडू नका," माय म्हणाली. ती वेताच्या खुर्चीत शाल घेऊन बसली होती. "त्याले काऊन बोलून राहिली? त्यानं नाई केलं. मी सांगतलं त्याले. जवाईबुवाले बी मीच सांगतलं, इले नका सांगू म्हणून."

"कायले, माय?"

"लेकीच्या घरी मरायचं नाई मले."

"अगं, तू मरते आहेस का? तुझे रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगले आहेत!"

"तेच तं. धडधाकट आहो तवाच जातो. मरायले टेकल्यावर कोन नेईल? तू नेऊ देशील? तू मले आयसीयूत ठेवशील अना बाहेर बसून लिहीत राहशील."

भाऊ हसला. भावजयही. नवऱ्यानं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलले. मी त्या चौघांकडं बघितलं आणि मला कळलं की हे वाक्य इथं पहिल्यांदा बोललं गेलेलं नाही. माझ्यावरचे हे विनोद आधी झालेले आहेत, मी दवाखान्यात असताना, फोनवर.

त्या दिवशी मी बाजारात गेले नाही.

तिसऱ्या दिवशी यादीत बी फॉल होता. जिप्सीचं बुकिंग झालेलं होतं, म्हणून गेलो. बाकीचे तिघं पायऱ्या उतरून धबधब्याकडं गेले. मायला उतरणं शक्य नव्हतं. मी तिच्याजवळ वर थांबले. जिप्सीच्या मागच्या सीटवर आम्ही दोघी. एक बाई पेरू विकत होती. मायनं दोन घेतले, तिखट-मीठ लावून. एक मला दिला. मी खाल्ला नाही, हातात धरून बसले.

"रागावली?" ती म्हणाली.

"तू रोज माझ्याशी खोटं बोललीस."

"खोटं काय बोललो? तू इचारलंच नाई."

"मी रोज विचारायचे, माय. रोज सकाळी."

"हो. झोप लागली का, पोट साफ झालं का, पाय सुजले का. अना राहतं का जातं, हे इचारलंस कवा? पडली तवा बी नाई इचारलंस. गाडीत टाकून घेऊन आलीस."

"मग मी तिथं बोडीवर ठेवायला हवं होतं?"

"तसं नाई म्हणून राहिली मी."

"मग कसं?"

ती पेरू खात राहिली. पुढचे दात नसल्यामुळं ती तो कुरतडत खायची आणि बिया बाजूला काढून रुमालात ठेवायची. चार दिवसांच्या यादीत मी रुमाल सहा लिहिले होते. मी तिला दुसरा रुमाल दिला. आठ वर्षांत तिला एकदाही उपाशी झोपू दिलं नाही, एकदाही बेडसोअर होऊ दिला नाही, कोरोनात पीपीई किट घालून तिच्या खोलीत गेले, हे मी बोलले नाही. ते तिला माहीत होतं. माहीत असूनच तिनं हे केलं होतं, आणि तेच माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. न कळून केलं असतं तर मी समजावून सांगितलं असतं.

"तुझं घर चांगलं आहे," थोड्या वेळानं ती म्हणाली. "पन मी तिथं आठ वर्षं पावणी होतो."

"तुझा भात तूच वेगळा शिजवायला लावलास."

"पावणीच होतो, म्हणून तं."

खालून तिघं वर येताना दिसले. नवरा सर्वात मागं होता, धापा टाकत. त्यानं लांबून हात केला. मी केला नाही.

चौथ्या दिवशी निघालो. माटकुली, तामिया, पुन्हा तोच घाट. माय अजून आमच्याच गाडीत होती. ढाब्यापर्यंत आमच्यासोबत यायचं, असं तिनंच सांगितलं म्हणे. छिंदवाड्याजवळ दोन्ही गाड्या थांबल्या. इथून एक रस्ता नागपूरला जातो, दुसरा शिवनीवरून आमच्याकडं. ड्रायव्हरनं डिकीतून खुर्ची काढली, बॅग काढली, भावाच्या गाडीत ठेवली. त्यालाही कोणी सांगायची गरज पडली नाही. म्हणजे तोही.

मी भावजयीला बाजूला बोलावलं. "तुझ्याकडची यादी जुनी आहे. बीपीची पूर्ण गोळी देशील तर ती चक्कर येऊन पडेल." तिचा चेहरा उतरला. आजच सकाळी तिनं द्यायला काढलेली गोळी मी हातातून घेऊन अर्धी केली होती. मी वहीतलं पान फाडलं आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून नवी यादी लिहिली. बॉनेट गरम होतं. सोळा ओळी लिहिल्या. सगळ्या, तेलासकट, डाव्या गुडघ्यासकट. मग सवयीनं सतरा आकडा घातला.

चार वाजताचा चहा. नको म्हणाली तरी ठेवायचा.

एवढंच लिहायचं होतं, पण लिहिलं नाही. मी सतरावर दोनदा रेघ मारली आणि कागद भावजयीला दिला. तिनं विचारलं, "सतरावं काय होतं, ताई?" मी म्हटलं, "काही नाही, चुकलं."

माय गाडीत बसली. खिडकीतून माझा हात धरला. तिचा हात थंड होता, म्हणून मी पर्समधले हातमोजे काढून तिच्या मांडीवर ठेवले. ती म्हणाली, "फोन करत जा." मी म्हटलं, "उरलेल्या एक दिवसाच्या गोळ्या पिवळ्या डबीत आहेत. नागपूरला पोचल्यावर आधी दुकानात जा." भाऊ म्हणाला, "हो बाई, पाहतो ना मी." गाडी निघाली.

शिवनीपर्यंत मी नवऱ्याशी बोलले नाही. शिवनीच्या पुढं तो म्हणाला, "तिचीच इच्छा होती." मी म्हटलं, "मला माहीत आहे." आजपर्यंत आमचं यावर एवढंच बोलणं झालं आहे.

घरी आल्यावर मी मायच्या खोलीत गेले. कोनाड्यावर पडदा ओढलेला होता. तो ती पूजेनंतर रोज ओढायची आणि मी तिथं कधी डोकावत नसे, कारण पूजा हे तिचं खातं होतं. पडदा सरकवला तर आत काही नव्हतं. धुळीत देवांच्या बुडाचे पाच गोल होते. दुसऱ्या दिवशी शेजारीण लोणच्याची बरणी परत द्यायला आली. मायनं निघायच्या आदल्या दिवशी तिला दिली होती, "आता मले काय लागते" म्हणून. शेजारीण म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटत असेल ना वहिनी?" म्हणजे तीसुद्धा.

मायचा फोन दर रविवारी येतो. फ्लॅट चांगला आहे. खाली बाग आहे, बसायला बाकडी आहेत. भात आता गिचका होत नाही, भावजयीनं पाण्याचा अंदाज धरला. मी बीपी विचारते. ती सांगते. दोन रविवारांपूर्वी ती मध्येच म्हणाली, "इथं सगळं तुझ्या यादीपरमानं होते वं. घड्याळ लावून. फक्त दुपारी चहा नाई भेटत."

"का?"

"सुनबाई इचारते. मी नको म्हणतो. मंग नाई देत."

मी पेनचं टोपण काढलं.

"आयकून राहिली ना?" माय म्हणाली.

"मग हो म्हणत जा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्याच दिवशी वहीत ओळ लिहिली: भावजयीला चहाचं सांगणे. माझ्या वहीत जे काम होत नाही ते पुढच्या पानावर जातं, तसं तेही गेलं. आज पान भरलं तेव्हा पुन्हा पुढं घेतलं आहे. आमच्याकडं चार वाजले की मी गॅसजवळ जाते. दोन कप टाकते. तिसरा अर्धा कप टाकत नाही.